'अखंड' नव्हे, मधली चार वर्षे वगळून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगीज अभिनेत्री युनिस मुन्योज यांच्यावरचा लेख वाचला. आपल्याकडे पोर्तुगाल म्हटलं की एक तर फुटबॉल, नाहीतर पासपोर्ट. त्यात लिस्बनच्या रंगभूमीला गोव्यातल्या मराठी पेपरात अर्धं पान मिळालं, बरं वाटलं. पण मथळा होता 'अखंड ऐंशी वर्षे रंगभूमीवर'. त्यातला 'अखंड' खटकला, म्हणून हे पत्र.

ऐंशीचा हिशेब चोख आहे. 28 नोव्हेंबर 1941 रोजी लिस्बनच्या दोना मारिया राष्ट्रीय नाट्यगृहात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. 28 नोव्हेंबर 2021 रोजी त्याच रंगमंचावरून त्यांनी निरोप घेतला. पण मध्ये, 1950 नंतर, सुमारे चार वर्षे या बाईंनी नाटक सोडून साधी नोकरी धरली होती. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही, आणि मला तर त्यांच्या सगळ्या आयुष्यात हीच गोष्ट मोठी वाटते.

कारण सोडलं ते काय होतं, बघा. घराणं फिरत्या तंबूतल्या कलावंतांचं. जन्म 1928 चा, स्पेनच्या सीमेजवळच्या आमारेलेझा गावातला. (2003 च्या ऑगस्टमध्ये तिथं पारा 47 अंशांच्या वर गेला होता; आपण मे महिन्यात उगाच कुरकुरतो.) अठराव्या वर्षी 'कामोंइश' या, त्याच नावाच्या कवीवरच्या चित्रपटातल्या कामासाठी सरकारी पारितोषिक. हा तोच कवी, ज्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या चौकातून उचलून संग्रहालयात ठेवला आहे. मी शिक्षक असताना सहल तिथं गेली की मुलं विचारायची, "सर, हा कोण?" 'पोर्तुगीजांचा महाकवी, काही वर्षे इथं होता' यापुढे मला काही सांगता येत नसे. चित्रपट 1946 चा, लैताव द बारुश यांचा, आणि फ्रान्समधल्या कान शहरातल्या पहिल्याच चित्रपट महोत्सवात दाखवलेला. एवढं पदरात पडलेली मुलगी विशीतच रंग पुसून नोकरीला लागते, याला 'अखंड' म्हणून झाकून कसं चालेल?

परतल्या 1955 मध्ये, आव्हेनिदा नाट्यगृहात, आनुई या फ्रेंच नाटककाराची जोन ऑफ आर्क होऊन. दारात गर्दी लोटली. पुढे 1964 मध्ये दोना मारिया जळालं आणि तीनच वर्षांनी आव्हेनिदाही. म्हणजे जिथं सुरुवात झाली आणि जिथं पुन्हा उभ्या राहिल्या, ती दोन्ही नाट्यगृहं त्यांच्या डोळ्यांदेखत खाक झाली. दोना मारिया पुन्हा उघडलं ते 1978 मध्ये. गोवेकरांनी ध्यानात ठेवावं असं एक: हे नाट्यगृह ज्या जागेवर आहे, तिथं पूर्वी लिस्बनच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता.

त्याच रंगमंचावर 1986 मध्ये त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्टच्या नाटकातली मदर करेज केली. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत ब्रेख्टला तिकडे बंदी होती. ज्या सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय 1961 पर्यंत आपल्या गोव्यात पेपर निघत नसे, तोच सेन्सॉर तिथं 1974 च्या एप्रिलपर्यंत कात्री चालवत होता. बाकी लाऊरू आंतोनियू यांच्या 1980 च्या चित्रपटातली, पोराला सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, धाडणारी श्रीमंत बाई आणि 1993 च्या टीव्ही मालिकेतली, ठेवींवर महिना दहा टक्के व्याजाचं गाजर दाखवणाऱ्या खऱ्या 'दोना ब्रांका'वर बेतलेली सावकारीण, या दोन्ही भूमिका आपल्या लेखात आल्याच आहेत.

शेवटच्या प्रयोगाबद्दल मात्र लेख दोन ओळींत आटोपला. ते नाटक जर्मन लेखक क्रोएट्झचं. एकटी राहणारी बाई संध्याकाळी घरी येते, आवरते, रेडिओ ऐकते; संवाद जवळजवळ नाहीतच. ती बाई आजी आणि नात लिदिया या दोघींनी मिळून उभी केली. 93 व्या वर्षी, शब्दांचा आधार न घेता. पुढच्याच वर्षी 15 एप्रिलला त्या गेल्या आणि पोर्तुगालने राष्ट्रीय दुखवटा पाळला.

आता विनंती. क्रोएट्झचं हेच नि:शब्द नाटक 1980 च्या दशकात मुंबईत सुलभा देशपांडे यांनी केलं होतं. बोलक्या नाटकांत रमणाऱ्या मराठी प्रेक्षकापुढे एक बाई तासभर काही न बोलता घरातली कामं करते, तेव्हा सभागृहात काय होत असेल? मला तो प्रयोग बघायला मिळाला नाही. आपल्या वाचकांपैकी कुणी पाहिला असल्यास त्यांच्याकडून लिहून घ्यावं. अर्धं पान त्यालाही द्यावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा