गरम झाली की 'टक्'

प्रिय मित्रा,

बॅटरी नवी, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नवा, आणि गरम गाडी पिटमध्ये पुन्हा सुरू करायला गेलास की नुसतं 'टक्'! वाचून हसलो, कारण हेच मीही भोगलंय. शर्यतीची गाडी चौघांनी ढकलत न्यायची, काय ती शोभा!

आता तिसरी वस्तू विकत आणू नकोस. मल्टीमीटर काढ, पण ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला, लावू नकोस. जाड केबलच्या दोनचार तारा धड उरल्या तरी ओहम शून्यच दाखवतो. सेल्फ मारताना मात्र तिच्यातून दीडदोनशे अँपिअर जायचे असतात. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तर २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच गेले.

म्हणून इंजिन सुरू होऊ नये असं इग्निशनचं कनेक्शन काढून ठेव, गाडी न्यूट्रलला घे आणि कुणालातरी बटण दाबायला बसव. मीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. बटण दाबलेलं असताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर चोर याच वाटेवर. किल स्विचच्या (गाडीची वीज एकदम तोडणारा स्विच) दोन बोल्टांवरही लाव, आतले कॉन्टॅक्ट जळतात. मग निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी.

माझा चोर तिथे सापडला. १.८ व्होल्ट! बॅटरी मागे, अर्थिंग चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर), आणि चासीला हौसेनं नुकताच रंग दिलेला. अर्थचा बोल्ट त्या चकचकीत रंगावर आवळला होता, तोही मीच. करंट जात होता तो नुसत्या आट्यांतून. वॉशरखालचा रंग पात्यानं खरवडला, लोखंड चमकलं, शिवाय इंजिनापासून चासीला जाड पट्टी टाकली. आकडा ०.२ वर आला.

मग थंड असताना का सुरू व्हायची? तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. तापमान १०० अंशांनी चढलं तर जवळजवळ ४० टक्के. एक्झॉस्टला खेटून बसलेल्या सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) कॉइल मग ढिली ओढते. थंड असताना कमी व्होल्टवरही ती निभावून नेते, गरम झाली की तेच दोन व्होल्ट नडतात. त्या कॉइलच्या बारीक वायरवरही व्होल्ट बघ. डॅशवरच्या बटणापर्यंत जाऊन परत येते बिचारी. बटण दाबल्यावर दहा व्होल्टच्या खाली दिसलं तर सेल्फजवळ रिले (छोट्या करंटनं चालणारा स्विच) बसव.

जाता जाता, अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणारा) वायर किल स्विचच्या इग्निशनकडच्या बाजूला तर नाही ना? असेल तर स्विच बंद करूनही इंजिन चालूच राहील.

आकडे कळव. आणि रंग नवा दिलायस का, तेही.

तुझा,
ढकलून थकलेला दोस्त