घरी काही स्टोरी आहे का?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गायनाच्या रिॲलिटी शोसाठी पुण्यात ऑडिशन होणार असल्याची बातमी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली आणि सोमवारी संध्याकाळी माझ्या क्लासमध्ये तीन आया एकदम उभ्या राहिल्या. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मी गेली अठ्ठावीस वर्षं गाणं शिकवते. तिघींचा प्रश्न एकच होता, "बाई, महिन्याभरात तयारी होईल ना?" मी नेहमीसारखं पुटपुटले, पण हे पत्र त्या प्रश्नाबद्दल नाही. मागच्या ऑडिशनला मी स्वतः एका विद्यार्थिनीबरोबर गेले होते. तिथे जे ऐकलं ते आपल्या वाचकांना सांगायचं आहे.

मुलगी अकरा वर्षांची. गाण्याची प्रवेशिका परीक्षा झालेली, गळा गोड, भूप राग चांगला तयार. पहाटे साडेपाचला आम्ही रांगेत लागलो, नंबर आला दुपारी सव्वाला. मध्ये शाळेच्या मैदानात उन्हात बसून पोरं घसे कोरडे करत होती. एक आई थर्मासमधून कोमट पाणी पाजत होती आणि "बोलू नकोस, बोलू नकोस" म्हणत स्वतः अखंड बोलत होती. आत गेल्यावर टेबलामागे फार तर पंचवीस वर्षांचा एक मुलगा, गळ्यात हेडफोन. तिने आलाप सुरू केला. मुखड्यापर्यंत पोचते न पोचते तोच त्याने हात वर केला. म्हटलं, संपलं. पण त्याला गाण्याबद्दल काही बोलायचंच नव्हतं. त्याने विचारलं, "घरी काही स्टोरी आहे का?"

आम्हाला कळेना. त्याने समजावून सांगितलं. म्हणजे काही स्ट्रगल, कुणी आजारी, कर्ज, वडिलांचा विरोध, असं काही? मुलीची आई गोंधळून म्हणाली, "नाही हो, सगळं बरं आहे." वडील बँकेत, आई आयटीत, आजी-आजोबा ठणठणीत. त्या मुलाने अर्जावर एक खूण केली आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

परतताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाई, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते सांगायला हवं होतं का?" त्यावर मधे बसलेली मुलगी अगदी सहज म्हणाली, "पुढच्या वेळी आजोबा वारले म्हणून सांगू?" आजोबा त्या वेळी घरी नातीसाठी शेंगदाणे सोलत बसले होते.

मी ओरडले नाही. हसलेही नाही. पण तेव्हापासून दूरदर्शन संच (मी अजून असंच म्हणते, मुलं हसतात) लावला की मला गाणं कमी ऐकू येतं आणि त्याआधीची ती चित्रफीतच जास्त दिसते. गळणारं छप्पर, आईचे हात, मागे बासरी. त्यातलं सगळं खोटं असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. खऱ्या हालअपेष्टांतून वर आलेली मुलं तिथे पोचतात आणि पोचावीत. माझी तक्रार एवढीच आहे की आता गरिबी हीसुद्धा पात्रतेची अट झाली आहे आणि ज्याच्याकडे ती नाही तो ती उसनी आणायला बघतो.

हे चॅनेलपुरतं राहिलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. गेल्या गणेशोत्सवात एका सोसायटीने मला गायन स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं. नऊ वर्षांचा एक मुलगा माइकसमोर आला, खिशातून कागद काढला आणि वाचू लागला, "आजचं हे गाणं मी माझ्या आईच्या संघर्षाला समर्पित करतो." 'संघर्षाला' हा शब्द त्याला दोनदा अडखळला. आई समोर मोबाइल धरून उभी, डोळे पुसत. नंतर चहाच्या वेळी तिला सहज विचारलं तर म्हणाली, "तसं काही नाही हो, पण नुसतं गाणं म्हटलं की लोक लक्ष देत नाहीत." कार्यकर्त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की एखाद्या गाण्याला उभं राहून टाळ्या द्या, व्हिडिओत छान दिसतं. निकालाच्या वेळी निवेदिकेने "आणि विजेता आहे..." म्हणून जो काही दम घेतला, तेवढ्यात त्या पोराचे कान लालबुंद झाले. मागे कुणीतरी मोबाइलवर ढोलाचा आवाज लावला होता. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आईने ते बक्षीस घेतानाचा प्रसंग परत करायला लावला, कारण पहिल्यांदा तो हसला नव्हता.

आता कुणी म्हणेल, बाईंना सगळंच वाईट दिसतं. तसं नाही. २००८-०९ मध्ये झी मराठीवरचं लिटिल चॅम्प्सचं पर्व मी एकही भाग न चुकवता पाहिलं आहे. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. आपल्या पुण्यात वाढलेली आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही बाकीची चौघंही घराघरांत पोचली. त्या वर्षी माझ्या क्लासला जागा पुरेना. दहा-बारा वर्षांची मुलं अभंग आणि नाट्यपदं मागायला लागली, हे मला कोणत्याही शिबिराने मिळवून दिलं नव्हतं. कार्तिकीचे वडील गायक, आर्याची आई गायिका. म्हणजे गाणं घरात आधीपासून होतं, कार्यक्रमाने ते लोकांसमोर आणलं इतकंच. आज क्रम उलटा झाला आहे. आधी कॅमेरा, मग जमलं तर रियाज. आणि त्या पर्वात प्रेक्षकांच्या मतदानासाठी आमच्या चौकात जे फ्लेक्स लागले होते त्यावर 'आपल्या भागाची लेक' होतं, सुरांचं नाव कुठेच नव्हतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बिग बॉसबद्दल मी फार बोलणार नाही. १९९९ मध्ये हॉलंडमध्ये निघालेली ती कल्पना २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत आली. भांडणं तर वाड्यातही व्हायची, नळावरची तर प्रसिद्धच. पण क्लासबाहेर पाळीची वाट बघणारी मुलं परवा "आज कुणाला नॉमिनेट करायचं" (म्हणजे बाहेर काढायला कुणाचं नाव द्यायचं) असं ठरवत होती आणि सगळ्यात लहान पोरगी जिन्यात रडत बसली होती. आमच्या वेळी अशा लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचे. त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळात असे. हा शब्द त्या मुलांना माहीतच नव्हता. मी समजावून सांगितल्यावर एकाने विचारलं, "मग तो आउट कधी होतो?"

याच पुण्यात एक दुसरी रीतही आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. २०२२ मध्ये अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी जाहीर केलं की करंडकाला साजेशी एकांकिका यंदा झाली नाही आणि करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! मला स्वतःला तो निर्णय जरा कठोर वाटला होता. पण कुठल्या चॅनेलला हे परवडेल, सांगा. शेवटच्या रविवारी चार तासांचा सोहळा, जाहिराती विकलेल्या, आणि परीक्षक म्हणणार, यंदा कुणी नाही?

आणखी एक गोष्ट जवळून पाहिली आहे. माझा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात दोन-तीन भाग टिकला. एका भागात दुसरी मुलगी बाद झाली आणि हा ढसाढसा रडताना दिसला. सगळ्या पेठेने हळहळून फोन केले. त्याने मला सांगितलं ते असं की तो रडला होता रात्री साडेबाराला, भूक लागली म्हणून. ती मुलगी त्याआधीच हॉटेलवर गेली होती. कापाकापी करून अश्रू दुसरीकडे चिकटवले. तो आता कॉलेजात आहे. अजून लोक त्याला "किती हळवा होतास रे" म्हणतात आणि तो काही बोलत नाही.

रात्री साडेबारा या वेळेवर मात्र मला आपल्याकडून काही हवं आहे. बालमजुरी कायद्याखाली २०१७ मध्ये जे नियम झाले, त्यानुसार बालकलाकाराकडून दिवसात ५ तासांहून जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवा. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. जून २०१९ मध्ये तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला चॅनेलांना लेखी समज द्यावी लागली की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना अश्लील आणि वयाला न शोभणाऱ्या रीतीने दाखवू नका. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी एकीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. अर्जावर सही करताना पाठीमागचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही. खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी वाचला नव्हता.

आपण ऑडिशनची तारीख, वेळ, पत्ता छापता. आपल्या संकेतस्थळावर बिग बॉसच्या घरात काल कोण कुणाला काय म्हणालं तेही रोज ठळक असतं. त्याच बातमीशेजारी हे चार नियम एका चौकटीत छापावेत, एवढी विनंती. जागा कमी पडत असेल तर माझं पत्र कापलं तरी चालेल, चौकट कापू नका.

आपली नम्र,
एक गायनशिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. पत्र पाठवण्याआधी त्या मुलीच्या घरी वाचून दाखवलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं. छापायला त्यांची हरकत नाही, मात्र ते हयात आहेत हे स्पष्ट लिहावं असा त्यांचा निरोप आहे.