नाव न सांगता हात लावून गेलेल्यांचे आभार

माजी विद्यार्थ्याच्या सत्काराची विद्यापीठातली बँड मैफल सुरळीत झाली. टाळ्या वादकांना मिळाल्या; हे आभार बाकीच्यांचे.

सर्वांत आधी लग्नाच्या बँडमधले ते काका. तेल घालून बसवलेला ट्रम्पेटचा दुसरा पिस्टन थोडा फिरला होता. भोकं नळ्यांसमोर येत नव्हती, फुंक आतच अडत होती. त्यांनी वरची टोपी सैल केली, पिस्टन हलकेच फिरवला, ‘टक्’ झालं नि स्वर मोकळा. पिस्टनवर आकडे असतात, ज्याचा त्याच घरात घालायचा, हेही सांगून गेले.

सोलापूरच्या उन्हात फुंकवाद्यांचा सूर चढतो, एका अंशाला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पेटी मात्र चढत नाही. म्हणून पेटीचा स्वर धरून प्रत्येक क्लॅरिनेटचं बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा आखूड नळीचा तुकडा, मिलिमीटरभर बाहेर ओढून देणाऱ्या ताई, तुमचे विशेष आभार. त्याहून जास्त ओढलं की मधले स्वर बेसूर होतात, म्हणून उरलेलं मधल्या सांध्यात ओढायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंखे चालू ठेवायचे म्हणून कुणीतरी प्रत्येक स्टँडला कपड्यांचे दोन चिमटे लावले. लाकडी रंगमंच घुमू नये म्हणून मोठ्या ड्रमखाली घडी करून सोलापुरी चादर सरकवली, तीही घरची.

आणि कडक भाकरी, शेंगाचटणी वाजवून झाल्यावरच वाढणाऱ्या मावशी! आधी वाढली असती तर दाण्याचा कूट थेट रीडमध्ये, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी थरथरणाऱ्या पातीत, गेला असता.

चादर आणि 18 चिमटे कार्यालयात आहेत. घेऊन जा.