भीमाला पाण्यात ढकलू नकोस

सोलापूर, श्रावणी सोमवार

चि. गिरिजास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले भीमाचे, म्हणजे तुझ्या पूडल पिल्लाचे, व्हिडिओ पाहिले. पिल्लू गोड आहे हे आईने दिवसभर सांगून झालंय, त्यामुळे त्यावर मी शब्द घालवत नाही. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात घालवलेल्या माणसाची नजर वेगळीकडेच जाते. एका व्हिडिओत भीमा डमी (बदक आणायला शिकवताना बदकाऐवजी फेकतात ती वस्तू) तोंडात धरून सोफ्याखाली पळते आणि तू हसत हसत तिच्या मागे. तिथेच मी फोन लावणार होतो, पण तुमच्याकडे मध्यरात्रीचे दोन वाजले असते. म्हणून हे पत्र.

आधी अवघड विषय उरकतो. मला शिकार पटत नाही. आपल्या घरात कधी अंडंही शिजलेलं नाही, आणि तू शिकारीचा परवाना काढलास हे मी तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिची समजूत अशी की तू कुत्रीला पोहायच्या क्लासला घातलंयस. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि नान्नजचं माळरान पाहिलेल्या माणसाला तो कायदा का हवा होता हे वेगळं समजवावं लागत नाही. तिथे माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरी आता तो पक्षी दिसला की बातमी होते.

पण तुमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटाचा मामला निराळा आहे हेही कळतं. तिथे हंगाम ठरलेला, दिवसाला किती पक्षी मारायचे तेही ठरलेलं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला 1934 पासून सरकारचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो आणि त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. शिवाय पाडलेला पक्षी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केलाच पाहिजे, असा नियम आहे. माझं मन वळलं ते इथे. छर्रा लागून लव्हाळ्यात पडलेलं बदक माणसाला सापडत नाही, आणि नुसतं जखमी असेल तर ते तिथेच तडफडत मरतं. ते हुडकून आणणं हे कुत्र्याचं काम. तेव्हा तुझा छंद नाही पटला तरी भीमाचं काम मला पटतं. आता घेतलंच आहेस तर नीट शिकव.

तुझ्या ऑफिसातले लॅब्राडोरवाले पूडल म्हटल्यावर हसतात म्हणालीस. हसू देत. पूडलचे केस कापायच्या ज्या फॅशनला ते हसतात ती मुळात पाण्यातल्या कामासाठी होती. पोहायला हलकं जावं म्हणून अंगावरचे केस काढायचे, पण छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. पुढे प्रदर्शनवाल्यांनी त्याचे गोंडे केले. अमेरिकन केनेल क्लबच्या रिट्रीव्हर चाचण्यांना, म्हणजे पाडलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या परीक्षांना, स्टँडर्ड (मोठ्या चणीचा) पूडल आजही उतरू शकतो. पण लॅब्राडोरवाल्यांच्या सगळ्याच युक्त्या उचलू नकोस. लॅब्राडोर तीच डमी न कंटाळता पुन्हा पुन्हा आणेल. पूडल जरा वेळाने तुझ्याकडे बघेल, 'मगाशी दिली होती ना?' अशा नजरेनं. आणि आपण ओरडलेलं पूडल विसरत नाही. एकदा आवाज चढवलास तर पुढचे कित्येक दिवस ती डमीच्या वाटेला जाणार नाही.

तू लहानपणी माझ्याबरोबर मंगळवेढ्याकडे यायचीस तेव्हा धनगरांकडची कारवानी कुत्री पाहिली आहेस. लांब पाय, आत गेलेलं पोट. ती डोळ्यांनी शिकार करतात. ससा उठला की सुटायचं, गाठायचं, धरायचं. धरलेलं परत आणून दे असं त्यांना कुणी सांगितलं नाही. भीमाकडून तुला नेमकं उलटं हवंय. तिने गप्प बसून पक्षी कुठे पडला ते पाहायचं, जागा लक्षात ठेवायची, तू सोडल्याशिवाय हलायचं नाही, दात न लावता उचलायचा आणि तुझ्या हातात द्यायचा. धावत जाणं तिच्या रक्तातच आहे, ते शिकवावं लागत नाही. तुला शिकवायचंय ते परत येणं. आणि त्या व्हिडिओत तू तिला नेमकं पळून जाणं शिकवत होतीस.

तुम्ही राहता त्या घराला लांब पॅसेज आहे. सगळी दारं लाव, तिची गादी तुझ्या पाठीमागे ठेव आणि खाली बस. आता तिला पळायला वाट एकच, तुझ्या अंगावरून. फेकायला मोठी डमी नको. रंगाच्या रोलरचं कोरं कव्हर पिल्लाच्या तोंडात बरोबर बसतं. ती घेऊन आली की लगेच हिसकावू नकोस. हात तोंडाकडे नेऊच नकोस. छाती चोळ, पाठ थोपट, तिला ते तोंडात धरून मिरवू दे, मग हळूच घे. तू जवळ आलीस की तोंडातलं जातं, हे एकदा तिला कळलं की ती येणारच नाही, आणि तिचं तरी काय चुकलं? बाहेर अंगणात हलकी लांब दोरी लाव. ती भलतीकडे गेली तर मागे धावायचं नाही, तू उलट्या दिशेला पळायचं. पिल्लू मागे येतंच.

हे दोन-तीनदा झालं की रोलर कपाटात. ती 'अजून' म्हणत असतानाच थांबायचं. तू तिला थकेपर्यंत पळवतेस ते बंद कर. आणि डमी दिवसभर चघळायला देऊ नकोस, ती कामाची वस्तू आहे. जावईबापू दोरीची रस्सीखेच खेळतात तेही थांबव, त्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांग. ओढून धरायची सवय लागली की पुढे बदक चिरडलेलं मिळतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतील, हिरड्या दुखतील. तेवढे आठवडे फेकाफेक बंद. तेव्हा शिट्टी शिकव: एक लांब म्हणजे बसून माझ्याकडे बघ, भराभर छोट्या म्हणजे ये. 'ये'ची शिट्टी रोज जेवणाची थाळी ठेवताना वाजव. बाकी मेहनत लागणार नाही.

तिकडचे काही शिक्षक कान चिमटून डमी धरायला लावतात, तेही पक्के दात आल्यावर. त्यांचा त्यावर विश्वास आहे आणि त्यांची कुत्री कामही करतात. पण या जातीवर तू ते करू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. शांतपणे धर, थांब, सोड एवढं रोज थोडं थोडं केलं तरी पुरतं. वेळ जास्त जाईल, जाऊ दे.

दुसऱ्या व्हिडिओत गवतात पडलेली डमी तिला सापडत नव्हती आणि तू म्हणत होतीस, समोर तर आहे. तुझ्या समोर आहे गं. नारिंगी रंग कुत्र्याला हिरव्या गवतापासून नीट वेगळा काढता येत नाही. तिला डोळ्यांनी टिपायला पांढरी डमी दे. नारिंगी ठेव पुढे, नाकाने शोधायला लावायचं असेल तेव्हासाठी.

आणखी एक, नावाचं. भीमा हे नाव ठेवलंस, अज्जीला फार आवडलं. तिकडे पडताना पाहिलेल्या पक्ष्यावर कुत्र्याला सोडताना त्याच्या नावानेच सोडतात, म्हणजे शेजारच्या माणसाचं कुत्रं उठत नाही. तेव्हा चप्पल कुरतडली म्हणून 'भीमाऽऽ' असं ओरडणं घरात सगळ्यांनी सोडायला हवं. रागावायला 'ए बये' आहेच.

आता बंदुकीचं. हे नीट वाच. दर दिवाळीनंतर माझ्याकडे फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसलेली, न जेवणारी कुत्री यायची. त्यातल्या काहींची भीती आयुष्यभर गेली नाही. बंदुकीला घाबरणारं कुत्रं बहुतेक वेळा माणसांनी घडवलेलं असतं: 'सवय होऊ दे' म्हणून थेट नेमबाजीच्या मैदानावर नेलेलं. तू तसं करणार नाहीस. घरात भांडी आपटून बघणंही नको. आधी डमीचं वेड लागू दे, तोपर्यंत आवाजाचा विषयच काढायचा नाही. मग एक माणूस शंभर मीटरच्याही पलीकडे उभा कर, हातात शर्यतीचं कोऱ्या काडतुसाचं पिस्तूल. डमी हवेत गेली, भीमा तिच्यामागे सुटली, की तेव्हाच त्याने एकदा वाजवायचं. तिचं लक्ष डमीवर असतं, आवाज नुसता बाजूने जातो. त्या दिवशी तेवढंच. शेपूट खाली गेली, ती थबकली, तुझ्याकडे वळून पाहिलं, तर काही न बोलता पुढच्या वेळी अंतर वाढवायचं. काही झालं नाही तर हळूहळू कमी करायचं. खरी बंदूक सगळ्यात शेवटी, तीही लांबून. आवाज म्हणजे आता काहीतरी पडणार, आणायला मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात बसलं पाहिजे.

म्हणून या वर्षीच्या हंगामात तिला नेऊ नकोस. सप्टेंबरअखेर तुमच्याकडे बदकं सुरू होतील तेव्हा ती जेमतेम साडेचार महिन्यांची असेल. दात हलताहेत, चहूकडे गोळीबार, पाणी गार, आणि मित्रांच्या आग्रहाखातर ती होडीत. एका सकाळी सगळं विस्कटेल. पुढच्या वर्षी ने. त्याआधी उन्हाळ्यात त्याच क्लबची ज्युनियर हंटर ही पहिल्या पायरीची चाचणी दे हवं तर. त्यात जमिनीवर दोन आणि पाण्यात दोन, एकेक करून पडलेले पक्षी आणायचे असतात, अंतर शंभर यार्डांच्या आत, आणि सोडेपर्यंत कुत्र्याला पट्ट्याला धरता येतं. अशा चार चाचण्या पार केल्या की किताब. उडी मारणं, गाडीच्या मागच्या दारातून धाडकन उतरणं हे मात्र वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत टाळ, हाडं वाढीची आहेत. आणि पोटभर खाऊन लगेच धावू देऊ नकोस. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, तेव्हा हातात फार थोडा वेळ असतो.

पाणी मात्र आत्ताच दाखव, तळी अजून उबदार आहेत तोवर. ढकलायचं नाही, उचलून टाकायचं तर नाहीच. हिप्परग्याच्या तलावावर पोरं कुत्र्यांना पाण्यात भिरकावतात ते तू पाहिलंयस. ती कुत्री पोहत बाहेर येतात आणि परत काठाकडेही फिरकत नाहीत. उतरता काठ बघ, तू स्वतः गुडघाभर आत जा आणि तिला तुझ्या पायाशी येऊ दे. रोलर पोटाएवढ्या पाण्यात टाक. पाय सुटले की ती पुढच्या पायांनी पाणी बडवेल, तेव्हा हसू नका, कौतुक करा. पण आधी पाण्याकडे बघ. उन्हाळ्याच्या शेवटी तुमच्या तळ्यांवर नीलहरित शेवाळ येतं, हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते. ते पाणी पोटात गेलं तर कुत्रं काही तासांत जाऊ शकतं. तसं तळं दिसलं तर गाडीतूनच उतरू नका. लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) लस झाली का ते डॉक्टरांना विचार. पोहून आली की कान आतून कोरडे कर, या जातीच्या कानात केस असतात आणि ओल राहते. लव्हाळ्यातून आली की बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड बघ. आपल्याकडे गोचीड ताप, तुमच्याकडे गोचिडीतूनच होणारा लाइम रोग.

केस बारीक ठेव. शोचा कट घेऊन लव्हाळ्यात गेली तर संध्याकाळ गोखरू काढण्यात जाईल. थंडीच्या बाबतीत मात्र लॅब्राडोरवाल्यांचं बरोबर आहे. त्यांच्या कुत्र्यांना आतून दुसरी दाट लोकर असते, पूडलला नसते. जॉन सूटर नावाच्या माणसाने 1988 ते 1991 अलास्काच्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीत स्टँडर्ड पूडल जुंपून नेले होते. हट्ट दांडगाच. पण पाय गारठल्यानं आणि केसांत बर्फाचे गोळे झाल्यानं काही कुत्र्यांना वाटेत सोडावं लागलं, आणि पुढे तिथे थंड प्रदेशातल्या जातीच चालतील असा नियमच झाला. तेव्हा नोव्हेंबरच्या पाण्यासाठी तिला निओप्रीनचं (रबरासारख्या कापडाचं) जॅकेट घे आणि दोन फेऱ्यांमध्ये पुसून कोरडी कर.

जावईबापूंच्या शिंका थांबल्या नसतील तर नवल नाही. पूडलचे केस कमी गळतात, पण कोंडा सगळ्याच कुत्र्यांचा असतो. तिला झोपायच्या खोलीत घेऊ नका.

शेंगाचटणीचं पार्सल पाठवलंय, कडक भाकरीही आहे. चटणीत लसूण आहे आणि लसूण कुत्र्याला विष, तेव्हा डबा वरच्या फळीवर ठेव. भाकरीचा कोरडा तुकडा तिला बक्षीस म्हणून चालेल. पीनट बटर देत असशील तर बाटलीवर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते आधी वाच, तो गोडवा कुत्र्याला विष.

पुढच्या वेळी व्हिडिओ काढशील तेव्हा तिचं तोंड नको, शेपूट दिसू दे. त्यावरून मला जास्त कळतं. आणि रविवारी फोन करशील तेव्हा आईसमोर 'परवाना' हा शब्द काढू नकोस.

तुझा,
अप्पा