मिस्त्रीभाऊ, तो बोटभर पाईप अजून माझ्याजवळच आहे

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

तुमचा मोबाईल बटणवाला, त्यामुळं तुम्ही हे वाचणार नाई, पण तुमचा पोरगा वाचून दाखवेल म्हणून लिहून राह्यलो. त्या दिवशी तुम्ही गाडी नीट करून दिली, पण आभार मानायचे राहूनच गेले. आई मागं बसलेली, पाणी सुरू, आन् बोललो असतो तं गळा भरून आला असता म्हणून नुसते हात जोडून निघालो.

चार महिने त्या गाडीनं जीव खाल्ला होता. सपाट रस्त्यावर बरी, चढ लागला का बसलीच. आरपीएमचा काटा 3000 च्या वर जायचा नाई, इंजिनचा दिवा लागायचा, बंद करून चालू केली का थोडा वेळ बरी, मग पुन्हा तेच. मोठ्या गॅरेजात नेली. नाव घेत नाई, एसीत बसवलं, कॉफी पाजली, स्कॅनर लावला, म्हणे हवेचा दाब कमी दाखवते, टर्बो, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, गेला. 42 हजार! सोयाबीनचे पैसे सरळ तिकडं गेले. नवीन टर्बो टाकून निघालो तं गाडी जशीच्या तशी. परत गेलो तं म्हणे 'नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागते.' टर्बो आहे का नवी सून बाप्पा? जुना टर्बो दाखवा म्हटलं तं तो भंगारात गेला म्हणे. तिसऱ्या खेपेला इंजेक्टरचं काढलं, तवा मीच उठून आलो.

आन् मग जुलैत मेळघाटात धारणीला जाताना घटांगच्या पुढं घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली, मागून ट्रकवाले हॉर्न मारून राह्यले, आई रामराम करत बसलेली. कशीबशी वळवून परतवाड्यात तुमच्या टिनाच्या शेडपर्यंत आणली.

तुम्ही बोनेट उघडायच्या आधी आईला म्हटलं, "काकू, बाजेवर बसा, चहा सांगतो." मग मला पाच मिनिटं बोलू दिलं, मधात एकदाही तोडलं नाई. हे मला कोणीच बोलू दिलं नव्हतं. मग मला चालू कर, बंद कर म्हणत तुम्ही टॉर्च घेऊन टर्बोच्या बाजूची ती सळई पाहत होते. "चालू केली का हे ओढल्या जायला पाह्यजे, हे तं नुसतं थरथरून राह्यलं." हवा ओढायचा हातपंप थेट सळई ओढणाऱ्या त्या डबीला लावला तं सळई झटक्यात ओढल्या गेली आन् थांबली. म्हणजे टर्बो ठीक, त्याच्यापर्यंत व्हॅक्यूम, म्हणजे सळई ओढायचा जोरच पोचत नव्हता.

मग तो व्हॅक्यूमचा पाईप काढला. करंगळीएवढा जाड, काळा. मला वाटलं आता नवीन लावतील आन् बिल सांगतील. पण तुम्ही तो फडक्यानं पुसला, माझ्या तळहातावर ठेवला आन् म्हटलं, "वाकवून पाह्य." वाकवला तं पोटाकडून एक फाट उघडली, नखाएवढी. सरळ केला का गायब. "थंडा असला का मिटते, गरम झाला का उघडते. स्कॅनर दाब कमी आहे एवढंच सांगते, काहून कमी आहे ते आपल्याले पाहा लागते." चार महिने ज्याच्यासाठी रडलो ते तळहातावर पडलेलं होतं, भाऊ. कोणी माझ्या गाडीतली खराबी माझ्याच हातात देऊन दाखवायची ही पहिलीच वेळ.

मी विचारलं, म्हणजे जुना टर्बोही चांगलाच होता का? तुम्ही हात धुता धुता म्हटलं, "जुना म्या पाह्यला नाई, मी कसा बोलू?" दुसरा कोणी असता तं त्या गॅरेजवाल्याला शिव्या घालून स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. तुम्हाला ते करायचं नव्हतं, आन् खरं सांगतो, मला त्याचाच जास्त आधार वाटला. अशी माणसं मोठ्या बोर्डाखाली नाई, टिनाखाली भेटतात.

पाईपचे 60, मजुरीचे 300. पाचशेची नोट दिली तं 140 मोजून परत.

मागच्या रविवारी पुन्हा धारणीला गेलो, तोच घाट तिसऱ्या गिअरवर चढली. आई म्हणे, आता थांब, त्या मिस्त्रीच्या घरी पाटोड्या पाठवायच्या आहेत. तुमच्या घरी खाणारी माणसं किती तेवढं पोराला कळवायला सांगा, डबा केवढा भरायचा ते ती विचारून राह्यली.