तात्या, पोरीला फसवलं नाहीत

ती. तात्यांना, शि. सा. न.

लेक पोहायला शिकली म्हणून घरच्यांनी तुम्हाला नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. तेवढ्याने भागलं असं मला वाटत नाही. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र लिहिते आहे.

तुमच्याकडे आली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि डोक्यावरून पाणी घ्यायलाही रडायची. त्याआधी शहरातल्या एका तलावावर शिकवणाऱ्याने "सोडत नाही, सोडत नाही" म्हणत तिला मध्येच सोडलं होतं. नाकातोंडात गेलेलं पाणी निघालं, पण मोठ्या माणसांच्या शब्दावरचा तिचा विश्वास गेला तो गेलाच.

तुम्ही पहिले काही दिवस तिला खोल पाण्यात नेलंच नाहीत. गावच्या विहिरीच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात बसवलंत. ओंजळीने तोंडावर पाणी घे, तोंड बुडवून बुडबुडे काढ, पायरी धरून पाय मार. ती सायकल चालवल्यासारखे गुडघे मोडायची. तुम्ही घोटे धरून पाय मांडीपासून हलवायला लावलेत. मान वर काढली की पाय खाली जातात आणि छाती भरून श्वास घेतला की अंग तरंगतं, हे तिला उताणं झोपवून, मानेखाली नुसती दोन बोटं धरून दाखवलंत.

आणि तो बिंडा! पांगाऱ्याच्या वाळक्या, हलक्या लाकडांचा तरंगता बिंडा पाठीला बांधून गावातली किती पोरं पोहायला शिकली असतील. रीत अशी, की पोराच्या नकळत एकेक लाकूड काढून घ्यायचं आणि तो गटांगळ्या खायला लागला की काठावरून हसायचं. तुम्ही मात्र "आज एक काढायचं, मोज किती राहिली" म्हणायचात आणि लाकूड तिलाच काढायला लावायचात. एका सकाळी ती "आज नको" म्हणाली. तुम्ही काही न बोलता गाठ पुन्हा आवळलीत. काठावरून कुणी तरी "लईच भित्री हाय" म्हणालं, तिकडे पाहिलंही नाहीत. तात्या, माझे सगळ्यात जास्त आभार त्या आवळलेल्या गाठीचे आहेत. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून दोन लाकडं काढली.

दमली की तुम्ही तिला पायरीवर बसवून मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगायचात. आपल्याच सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलेले. तिला ती आता पाठ आहे.

मुटका आणि सूर या उड्या मारायला शिकवण्याआधी तुम्ही तिच्याकडून आणखी एक गोष्ट घोटून घेतलीत. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकायची नाही. आधी ओरडून माणसं गोळा करायची, मग दोर, काठी, रिकामा कॅन, हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकायचं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याबरोबर सुरक्षित बचावही शिकवावा. आपल्याकडे एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. शहरातल्या महागड्या वर्गात मला हा धडा कुणी दिलेला दिसला नाही.

एक विनंती आहे. आपल्या आळीतल्या मुली अजून विहिरीवर धुणं घेऊनच येतात. पाण्यात उतरतात ती मुलगेच. त्यातल्या दोघींच्या आयांशी मी फोनवर बोलले आहे, त्या तयार आहेत. मे महिन्यात आम्ही आलो की तिघींना एकदमच घ्या. बिंड्यासाठी लाकडं वाळत घालायला धाकट्या दिरांना सांगितलं आहे. मीही पायरीवर बसेन म्हणते, पाणी कमरेएवढं असेल तोवर.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
सूनबाई