पोटाच्या नव्या मशिनी आमच्या रोगांवर तपासा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मोठ्या शहरांत आता पोटविकाराची अशी सेंटर निघाली आहेत जिथं गॅस्ट्रोवाले, सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ सगळे एकाच छताखाली बसतात आणि नवी मशीन खरंच कामाची आहे का तेही तपासतात. विदर्भातही हे व्हायलाच पाहिजे. पण तपासताना पोट कोणाचं धरणार, माझं म्हणणं एवढंच आहे.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी, चालू असताना गाठ दिसली की स्क्रीनवर चौकोन काढून दाखवणारं एआय आलंय, अमेरिकेत 2021 मध्ये त्याला परवानगी मिळाली. तिकडं मोठ्या आतड्याचा कॅन्सर जास्त, त्यांना ते लागतंच. आमच्या इकडं डॉक्टर अडतात ते आतड्याचा टीबी की क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा, पण टीबीसारखा जंतूचा नसलेला आजार) इथं. दोन्हीत पोट दुखतं, वजन उतरतं, लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथंच जखमा होतात, तुकडा काढून तपासला तरी कित्येकदा नक्की कळत नाही, मग टीबीच्या गोळ्या दोन-तीन महिने देऊन बघतात. आणि टीबीवाल्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी भडकतो! माझ्या चुलतभावाची फाइल मी पाहिली, सोनोग्राफीवाल्याचं एक मत, सर्जनचं दुसरं, बायोप्सीच्या रिपोर्टात तिसरंच, आणि तिघं एकमेकांशी फोनवरसुद्धा बोलले नव्हते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो माणूस पांढरकवड्याहून नागपूरला दीडशे किलोमीटर एसटीनं जात राहिला, घरी वेचायला बाया मिळेनात.

सिकलसेलचंही तेच. या आनुवंशिक आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर फुटतात म्हणून शाळेतल्या पोरांनाही पित्ताचे खडे होतात. रात्री पोट धरून आलेल्या पोराला सिकलचा क्रायसिस (वाकड्या पेशी रक्तवाहिनीत अडकून उठणारी कळ) आहे की खडा अडकलाय, हे ग्रामीण रुग्णालयातल्या एकट्या डॉक्टरला सांगू शकेल अशी तपासणी कोणती, यावर संशोधन करा ना.

गावात संशोधन होत नाही असं कोणी म्हणू नये. डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन बालमृत्यू कमी होतात हे आकड्यांनिशी दाखवलं, 1999 मध्ये ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि आज आशाताई तेच काम देशभर करतात.

म्हणून कोणतीही मशीन घेण्याआधी ती आमच्या टीबी आणि सिकलच्या पेशंटवर, लाइट जाणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात चालवून बघा, आणि निकाल मराठीत छापा, मशीन नापास झाली तरी छापा.

— एक शेतकरी वाचक, ता. केळापूर, जि. यवतमाळ